गाडी सुरू का होत नाही?

(गणेशोत्सवातील सांस्कृतिक कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



विघ्नहर्त्याला वंदन करून बोलायला सुरुवात करतो. आपल्या मंडळाच्या व्यासपीठावरून दर वर्षी संतवाङ्मय, आरोग्य, गुंतवणूक अशा भारदस्त विषयांवर जाणकार मंडळी बोलतात. या वर्षी चिटणीसांचा फोन आला, "काका, तुम्ही तुमच्या गाड्यांबद्दल बोला." मी म्हटले, सणासुदीला गाड्यांचे रडगाणे कोण ऐकणार? त्यावर ते म्हणाले, "मांडवाच्या दारात किती दुचाकी उभ्या असतात ते मोजा, मग बोला." मी मोजल्या आणि मुकाट्याने होकार दिला.

माझ्याबद्दल दोनच वाक्ये. मी मूळचा मिरजेचा, व्यवसायाने विद्युत अभियंता; १९८९ साली नोकरीनिमित्त बंगळूरला आलो आणि जे. पी. नगरातच स्थिरावलो. नोकरीची वर्षे कारखान्यातल्या मोटारी आणि केबल सांभाळण्यात गेली, आणि आता निवृत्तीनंतर पार्किंगमध्ये जुन्या मोटारसायकली उघडून बसतो. सौभाग्यवतींच्या मते हा छंद नसून पसारा आहे.

आजचा विषय मर्यादित आहे. पेट्रोल, कार्ब्युरेटर, पिस्टन यांत मी शिरणार नाही. सकाळी चावी फिरवली, सेल्फ दाबला किंवा किक मारली, आणि गाडी सुरू झाली नाही, तर विजेच्या बाजूने दोष कसा शोधायचा, एवढेच सांगणार आहे. शोधायचा म्हणतो आहे, दुरुस्त करायचा नव्हे. दुरुस्ती बहुतेक वेळा दहा मिनिटांची असते. पैसे आणि दिवस जातात ते शोधण्यात.

जुनी गाडी म्हणजे कोणती?

आपल्या शहराचे आणि जुन्या मोटारसायकलींचे नाते घट्ट आहे. इथून दीडशे किलोमीटरच्या आत, म्हैसूरला, आयडियल जावाच्या कारखान्यात १९६१ पासून १९९६ पर्यंत आधी जावा आणि मग येझदी या गाड्या तयार होत होत्या. दर वर्षी जुलै महिन्यात त्यांचे मालक बंगळुरात जमतात, तेव्हा तो धूर आणि तो आवाज अनुभवायला मी आवर्जून जातो. चेन्नईची बुलेट आहे, १९८५ ते १९९६ या काळातली आर.एक्स. १०० आहे, आणि २००१ साली आपल्या पुण्याच्या बजाजने आणलेली पल्सर आहे.

विजेच्या दृष्टीने या गाड्यांच्या तीन जाती पडतात, आणि आपली गाडी कोणत्या जातीची हे ठाऊक नसेल तर पुढचा सगळा शोध भरकटतो.

पहिली जात बॅटरीवर ठिणगी पाडणारी. जुनी जावा, येझदी आणि पॉइंटवाली बुलेट या जातीच्या. बॅटरीतून कॉइलला करंट जातो, पॉइंट उघडला की तो तुटतो आणि त्याच क्षणी प्लगवर ठिणगी पडते. बॅटरी पूर्ण मेलेली असेल तर कितीही किका मारा, उपयोग होत नाही.

दुसरी जात मॅग्नेटवर ठिणगी पाडणारी. आर.एक्स. १०० हे तिचे उत्तम उदाहरण. इंजिनाबरोबर चुंबक फिरतो, त्याच्या शेजारच्या कॉइलमध्ये वीज तयार होते आणि सी.डी.आय.च्या डबीतून ती प्लगपर्यंत जाते. हिला सुरू व्हायला बॅटरी लागतच नाही. म्हणून अशी गाडी सुरू होत नसेल आणि कोणी "बॅटरी बदला" म्हणाले, तर त्याला हात जोडून पुढे जावे.

तिसरी जात सेल्फवाली. आपल्याकडे १९८४ साली आलेल्या कायनेटिक होंडाने स्कूटरला बटण आणले, आणि पुढे मोटारसायकलींतही ते रूढ झाले. इथे दोन स्वतंत्र कामे असतात: सेल्फने इंजिन फिरवणे आणि प्लगवर ठिणगी पाडणे. इंजिन फिरते आहे पण पेट घेत नाही, की मुळात फिरतच नाही? हा पहिला प्रश्न. याचे उत्तर मिळाले की निम्मी गाडी तपासण्यातून सुटते.

माळेचा नियम

जुन्या काळी मखराला लावायच्या दिव्यांच्या माळा आठवतात का? एक बारीक दिवा गेला की सगळी माळ अंधारात. मग घरातला एक मुलगा स्टुलावर चढून एकेक दिवा बदलून पाहायचा. बत्तीस दिव्यांच्या माळेत नशीब वाईट असेल तर बत्तीस वेळा. पण टेस्टर घेऊन माळेच्या मध्यावर पाहिले, की तिथपर्यंत वीज येते का, तर उत्तर काहीही असो, सोळा दिवे एका फटक्यात निर्दोष ठरतात. पुढे आठ, चार, दोन, एक. पाच तपासण्यांत दोष सापडतो.

मोटारसायकलीचे वायरिंग म्हणजे अशीच माळ आहे. सेल्फचे बटण दाबले की बॅटरी, फ्यूज, चावी, किल स्विच, न्यूट्रल किंवा क्लचचा स्विच, बटण आणि रिले अशा साखळीतून थोडासा करंट जातो. ती साखळी पुरी झाली की रिलेतला जाड संपर्क जुळतो आणि बॅटरीचा मोठा करंट सेल्फच्या मोटारीला मिळतो. एका टोकापासून एकेक वस्तू बदलत गेलात तर खिसा रिकामा होईल. मध्यावर तपासा.

हा मध्य म्हणजे रिलेच्या दोन बारीक वायरी. इंडिकेटरचा दहा वॅटचा दिवा घ्या, त्याला दोन वायरी जोडा. हाच आपला टेस्ट लॅम्प. तो त्या दोन बारीक वायरींच्या मध्ये लावा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, क्लच दाबा आणि सेल्फचे बटण दाबा. दिवा लख्ख पेटला तर फ्यूज, चावी, सगळे स्विच आणि बटण ठीक आहे. दोष रिलेत किंवा त्याच्या पुढे, जाड वायरींच्या बाजूला. नाही पेटला, तर दोष अलीकडे. एका मिनिटात अर्धे काम झाले.

मीटर असताना दिवा कशाला, असे कोणी विचारेल. बारीक वायरीच्या वीस तारांपैकी एकोणीस तुटल्या तरी मीटर पूर्ण बारा व्होल्ट दाखवतो, कारण मीटर करंट जवळजवळ घेतच नाही. दिवा पाऊण अँपिअरच्या वर घेतो. बाकी तारा गंजलेल्या असतील तर तो मिणमिणतो. मीटर विचारतो, "रस्ता आहे का?" दिवा विचारतो, "रस्त्यावरून गाडी जाईल का?"

कान द्या, गाडी बोलते

मीटर काढण्याआधी कान वापरा. सेल्फ दाबल्यावर जे ऐकू येते त्यावरून पुष्कळ कळते.

काहीच आवाज नाही: बारीक वायरींची साखळी कुठेतरी तुटली आहे. पण आधी किल स्विच पाहा. हसू नका, धुण्याच्या वेळी किंवा लहान मुलांच्या हाताने तो बंद होतो आणि गाडी टेम्पोत चढते.

एकदाच "टक्": रिलेला करंट मिळाला, पण मोटार फिरली नाही. रिलेचे आतले संपर्क जळलेले, जाड वायर सैल, अर्थिंग खराब, किंवा मोटारीचे कार्बन ब्रश झिजलेले.

"टक्-टक्-टक्-टक्" अशी झड: बहुतेक वेळा बॅटरी उतरलेली. रिले जुळतो, मोटार करंट ओढते, बॅटरीचा दाब कोसळतो, रिले सुटतो, दाब परत वर येतो, रिले पुन्हा जुळतो. हे सेकंदाला अनेक वेळा घडते. बॅटरीचे टर्मिनल सैल असले तरी हेच ऐकू येते, म्हणून नवी बॅटरी आणण्याआधी स्क्रू आवळून पाहा.

"घर्र्" असा मोकळा आवाज, पण इंजिन स्तब्ध: मोटार फिरते आहे, तिची पकड इंजिनाला लागत नाही. हा यांत्रिक दोष. विजेला दोष देऊ नका.

आणखी एक सोपी परीक्षा. ब्रेक दाबून मागचा लाल दिवा कोणाला तरी पाहायला सांगा आणि सेल्फ मारा. दिवा जरासा मंद झाला तर ठीक. पार विझला तर बॅटरी किंवा तिचे टर्मिनल. जराही मंद झाला नाही, तर मोटारीपर्यंत करंट जातच नाही. यासाठी हेडलाइट वापरू नका, कारण अनेक जुन्या गाड्यांत हेडलाइट बॅटरीवर नसून थेट मॅग्नेटच्या कॉइलवर चालतो. इंजिन बंद असताना तो पेटणारच नाही.

साडेतीन व्होल्ट कुठे गेले?

आता एक प्रत्यक्ष घडलेली हकीगत सांगतो. आमच्या भागात पहाटे पेपर टाकणारा एक मुलगा आहे. निपाणीकडचा, त्यामुळे माझ्याशी मराठीतच बोलतो. पेपर संपले की दिवसभर कुरिअर. त्याच्याकडे २०१० सालची मोटारसायकल, किक नसलेली. २०२३ च्या पावसाळ्यात ती पहाटे साडेचारला सुरू होईना. सेल्फ दाबला की कण्हायची आणि थांबायची. ढकलून सुरू करायची, आणि एकट्याने पेपरचे गठ्ठे लादलेली गाडी ढकलणे म्हणजे काय ते तुम्ही जाणता.

त्याने नवी बॅटरी घातली. आठवडाभर बरे चालले, मग पुन्हा तेच. रिले बदलला. फरक नाही. मग त्याला सांगण्यात आले की सेल्फची मोटार गेली, साडेचार हजार लागतील. तेव्हा तो माझ्याकडे आला तो गाडी दुरुस्त करायला नव्हे, तर "काका, ही भंगारात किती जाईल आणि नव्या गाडीचा हप्ता किती बसेल" हे विचारायला. तीन वर्षांचा हप्ता, म्हणजे त्याच्या कमाईचा मोठा वाटा. बहिणीचे कॉलेज त्याच कमाईवर चालले होते.

मी म्हटले, हप्ता नंतर बघू, आधी मोजू.

बॅटरी स्वस्थ असताना १२.७ व्होल्ट; उत्तम. सेल्फ दाबून धरला, मोटार कण्हू लागली, तेव्हा बॅटरीच्याच टर्मिनलवर ११.४ व्होल्ट. आता विचार करा. बॅटरी कमजोर असती तर दाब नऊच्याही खाली गेला असता. बॅटरी ठीक आहे आणि मोटार तरी कण्हते, म्हणजे वाटेत कोणीतरी दाब खातो आहे. मोटारीच्या टर्मिनलवर मोजले तर मिळत होते जेमतेम ७.७ व्होल्ट. उरलेले ३.७ व्होल्ट कुठे गेले?

इथे मीटरची एक युक्ती कामाला येते. एक टोक बॅटरीच्या धन टर्मिनलवर आणि दुसरे मोटारीच्या टर्मिनलवर ठेवायचे, आणि सेल्फ मारायचा. वायर आणि रिले चांगले असतील तर मीटर शून्याच्या जवळ राहतो. इथे ०.३ दाखवले, चालण्यासारखे. मग एक टोक बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूवर. सेल्फ मारला आणि मीटरवर आले ३.४ व्होल्ट! तिथे पाव व्होल्टाहून जास्त असता कामा नये. चोर सापडला. जाण्याच्या रस्त्यावर नव्हे, तर परतीच्या रस्त्यावर.

बॅटरीपासून इंजिनाला जाणारी अर्थची वायर ज्या बोल्टखाली होती, तिथे वर्षानुवर्षांच्या चिखलपाण्याने हिरवा-पांढरा गंज धरला होता. सेल्फची मोटार पन्नास अँपिअरच्या घरात करंट घेते. ३.४ व्होल्टला पन्नासने भागा. रोध आला सुमारे सात शतांश ओहम. साध्या मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रोध याहून जास्त असतो, म्हणून ओहमवर लावून मोजले असते तर "सगळे ठीक" असेच दिसले असते. दहा वॅटच्या दिव्यालाही हा दोष कळला नसता, कारण एका अँपिअरला एवढ्याशा रोधाने काहीच फरक पडत नाही. पन्नास अँपिअरला मात्र तो साडेतीन व्होल्ट खातो. जाड वायरीचा दोष तिच्यातून जाड करंट जात असतानाच मोजावा लागतो.

बोल्ट काढला, पॉलिश पेपरने जागा चकचकीत केली, नवा लग आणि नवी वायर घातली, वरून थोडे ग्रीस. खर्च सव्वाशे रुपये, वेळ पाऊण तास. सेल्फ दाबताच इंजिन गर्रकन फिरले. तेव्हा बॅटरीवर मोजले तर १०.९ व्होल्ट, म्हणजे आधीपेक्षा कमी! तो मुलगा घाबरला. मी म्हटले, हे चांगले लक्षण आहे. मोटार आता तिच्या हक्काचा पूर्ण करंट घेते आहे, म्हणून बॅटरी जराशी वाकली.

मग नवी बॅटरी घातल्यावर आठवडाभर गाडी का चालली? ताजी बॅटरी थोडा जास्त दाब टिकवते, त्यामुळे गंजाचा वाटा जाऊनही मोटारीला पुरेसे उरत होते. त्यात पाऊस वाढला, गंज वाढला, पहाटेच्या गारव्याने इंजिनातले तेल घट्ट झाले, आणि हिशेब पुन्हा तुटीत गेला. नव्या वस्तूने दोष जात नाही, काही दिवस झाकला जातो, आणि आपण समजतो की औषध बरोबर होते.

ज्या कारागिरांनी बॅटरी आणि रिले बदलले त्यांना मी नावे ठेवत नाही. दिवसाला पंधरा गाड्या, दारात गिऱ्हाईक उभे, आणि गिऱ्हाइकाचीच घाई, "बदलून टाका, संध्याकाळी पाहिजे." मोजायला लागणाऱ्या पाऊण तासाचे पैसे आपण देत नाही, नव्या वस्तूचे मात्र निमूटपणे देतो. मग कारागीर काय विकेल? गॅरेजमध्ये जाल तेव्हा "मोजून सांगा, मोजायचे पैसे वेगळे देतो" असे एकदा म्हणून पाहा. अनुभव वेगळा येईल.

ठिणगीचा शोध

आता दुसरा भाग. इंजिन फिरते, पण पेट घेत नाही. आपल्याकडचे मेकॅनिक म्हणतात, "करंट बर्ता इल्ल, सार." पण खरेच करंट येत नाही का, हे पाहायला हवे.

प्लग काढा, टोपीत परत बसवा, त्याचे आटे इंजिनाच्या धातूला घट्ट टेकवा आणि किक मारा. सावलीत पाहा, उन्हात ठिणगी दिसत नाही. निळसर, चटचट आवाज करणारी ठिणगी हवी. दोन पथ्ये पाळा. आसपास पेट्रोल सांडलेले नको, आणि प्लगच्या भोकापासून दूर टेकवा, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते. दुसरे, प्लगची टोपी हवेत लोंबती ठेवून सेल्फ किंवा किक मारू नका. उच्च दाबाला वाट मिळाली नाही की तो कॉइलच्या किंवा सी.डी.आय.च्या आत वाट फोडतो.

ठिणगी नसेल तर क्रम असा: नवा प्लग लावून पाहा, तो सर्वांत स्वस्त. मग टोपी फिरवून काढा, जाड वायरीचे टोक अर्धा सेंटिमीटर कापा आणि टोपी पुन्हा फिरवून बसवा. आतली तार हिरवी पडली असेल तर एवढ्यानेच काम होते. बंगळूरच्या संध्याकाळच्या पावसात बंद पडणाऱ्या पुष्कळ गाड्यांचा दोष या टोपीतच असतो. तिच्या चिरेतून ओलाव्याच्या वाटेने ठिणगी इंजिनावर पळते. अंधारात पाहिलेत तर टोपीभोवती निळी रेघ नाचताना दिसेल.

इथून पुढे जातीप्रमाणे वाट वेगळी होते, आणि इथेच माणसे सर्वांत जास्त गोंधळतात. बॅटरीवाल्या गाडीत चावी करंट देते. चावी खराब झाली की करंट मिळत नाही. मॅग्नेटवाल्या गाडीत उलट आहे: तिथे चावी आणि किल स्विच बंद करताना ठिणगीचा करंट जमिनीला, म्हणजे अर्थला, जोडून मारून टाकतात. त्यामुळे त्या वायरीचे आवरण घासून ती चासीला लागली, किंवा स्विचमध्ये पाणी शिरले, की चावी चालू असूनही गाडी बंदच. सी.डी.आय. बदलण्याआधी तिच्याकडे येणारी ही वायर सोडून पाहा. अनेक जपानी पद्धतीच्या गाड्यांत ती काळी, पांढऱ्या रेघेची असते. ठिणगी परत आली तर डबी निर्दोष, दोष स्विचच्या बाजूला. मात्र ती वायर सुटी असताना चावीने इंजिन बंद होणार नाही, म्हणून तपासणी झाली की लगेच परत जोडा.

पॉइंटवाल्या गाडीत पॉइंटच्या तोंडावर काजळी किंवा पांढरी पूड धरते, विशेषतः गाडी बरेच दिवस उभी राहिली तर. बारीक पॉलिश पेपर फिरवा आणि मग पेट्रोलमध्ये बुडवलेला स्वच्छ जाड कागद मधून ओढून काढा. नाहीतर पेपरचीच पूड अडथळा करते. फट साधारण ०.४ मिलिमीटर ठेवतात. नेमका आकडा आपल्या गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. पॉइंट उघडताना तिथेच मोठी पिवळी ठिणगी आणि प्लगवर मात्र मरतुकडी, असे दिसले तर कंडेन्सर गेला समजा.

जुन्या बुलेटच्या मालकांना तर कंपनीने मीटर बसवूनच दिला आहे. हेडलाइटच्या वरच्या त्या अँपिअर-मीटरला पुष्कळ जण शोभेचा समजतात. चावी चालू करून किक हळूहळू दाबा. पॉइंट जुळले की काटा उण्याकडे झुकतो, उघडले की शून्यावर येतो. काटा हललाच नाही तर करंट पॉइंटपर्यंत येत नाही किंवा पॉइंट जुळत नाहीत. उण्याकडे गेला तो परतच येत नसेल, तर पॉइंट उघडत नाहीत किंवा वायर कुठेतरी अर्थ होते आहे. पाना न लावता एवढे निदान! येझदीतही चावी फिरवल्यावर चार्जिंगचा लाल दिवा पेटतो. तो पेटलाच नाही, तर पुढे किक मारून घाम गाळण्याआधी बॅटरी आणि फ्यूज पाहा.

शेवटचा फसवा प्रकार: गाडी थंड असताना छान सुरू होते, सिल्क बोर्डच्या गर्दीत तापली की बंद पडते, आणि अर्धा तास थांबून पुन्हा सुरू. गॅरेजमध्ये नेईपर्यंत ती थंड झालेली असते, म्हणून दोष "सापडत नाही". कॉइलच्या आतली बारीक तार उष्णतेने प्रसरण पावून सुटते आणि थंडीत परत टेकते. अशा गाडीची ठिणगी ती बंद पडलेल्या जागीच, तापलेली असताना पाहायला हवी. ताप उतरल्यावर घेतलेल्या तापमानाचा उपयोग काय?

उभी गाडी, मरती बॅटरी

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि आपल्या गाड्या दोन-दोन महिने जागच्या हलल्या नाहीत. त्यानंतर किती जणांनी बॅटऱ्या बदलल्या ते आठवा. शिसे-आम्लाची बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण थर धरतात आणि मग ती चार्ज घेत नाही.

त्यात आपण मोबाइल चार्जर, रिमोट लॉक, ट्रॅकर असे पाहुणे बसवतो. चावी बंद असताना असा पाहुणा वीस मिलिअँपिअर जरी घेत असेल, तरी दिवसाला जवळपास अर्धा अँपिअर-तास गेला. पाच अँपिअर-तासांची बॅटरी दहा दिवसांत रिकामी. चावी बंद ठेवून मीटर मिलिअँपिअरवर बॅटरीच्या ओळीत लावला की हे दिसते. मात्र तेव्हा सेल्फ दाबू नका, मीटरचा फ्यूज जाईल.

सेल्फ मारायलाही शिस्त हवी. चांगली गाडी तीन सेकंदांत सुरू होते; तेवढ्याला बॅटरीचा फारसा काही खर्च होत नाही. पण न सुरू होणाऱ्या गाडीला दहा-दहा सेकंदांचे दहा दणके दिले, की पन्नास अँपिअरच्या हिशेबाने जवळजवळ दीड अँपिअर-तास जातो. मूळ दोष टोपीतला असतो, आणि आपण बॅटरी मारून दुसरा दोष तयार करतो. तीन वेळा प्रयत्न करा, मग उतरा आणि विचार करा.

चार्जिंग तपासणेही सोपे आहे. बारा व्होल्टची गाडी सुरू करून थोडा थ्रॉटल द्या. बॅटरीवर साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट यायला हवेत. बाराच्याच आसपास राहिले तर बॅटरी भरत नाही. पंधराच्या वर गेले तर रेग्युलेटर गेला आणि तो बॅटरी उकळून मारणार. नवी बॅटरी घालण्याआधी ही एक मोजणी प्रत्येकाने करावीच. आणि बॅटरी काढताना आधी ऋण टर्मिनल सोडा. आधी धन सोडायला गेलात आणि पाना चासीला लागला, तर ठिणग्यांची दिवाळी गणपतीतच होईल.

समारोप

सामान फार लागत नाही. एस. पी. रोडला मिळणारा साधा मीटर, इंडिकेटरचा एक दिवा, पॉलिश पेपर, प्लग पाना आणि एक सुटा प्लग. जे. सी. रोडवर स्पेअर पार्ट आणायला जाण्याआधी यांतले एकेक वापरून पाहा. निम्म्या वेळा तिकडे जावेच लागणार नाही. आणि समोर बसलेल्या मुलींना मुद्दाम सांगतो, यातले एकही काम ताकदीचे नाही. शांतपणे एकेक प्रश्न विचारायचा आणि गाडीला उत्तर देऊ द्यायचे, एवढेच कौशल्य. आमच्या सोसायटीत टेस्ट लॅम्प सर्वांत सफाईने वापरते ती दहावीतली मुलगी आहे.

तुमची गाडी वडिलांची असेल, पहिल्या पगारातून घेतलेली असेल, किंवा रोजची भाकरी तिच्यावर चालत असेल. ती भंगारात घालायची की ठेवायची, हा निर्णय सर्वस्वी तुमचा आहे. पण तो निर्णय एका गंजलेल्या बोल्टने घेऊ नये, एवढीच माझी विनंती आहे. पेपरवाल्या त्या मुलाने नव्या गाडीचा हप्ता घेतला नाही. दर पावसाळ्याआधी तो अर्थचा बोल्ट स्वतः उघडून पुसतो आणि त्याच्याबरोबरच्या चार मुलांच्या गाड्यांचेही बोल्ट पुसून देतो.

ज्यांना शिकायचे असेल त्यांनी विसर्जनानंतरच्या कोणत्याही रविवारी सकाळी आपली न सुरू होणारी गाडी घेऊन माझ्याकडे यावे. चहा आमच्याकडून, प्लग तुमचा.



गणपती बाप्पा मोरया!